ताडीचें मडकें : पनवेल-उरण भागाच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि दप्तरें आपल्या डोळ्यांसमोर येतात. मातीचें मडकें आलेंच तर तें उत्खननांत सांपडलेलें, हजार-दोन हजार वर्षांपूर्वींचें. परंतु कालपरवांपर्यंत माडाच्या शेंड्यावर टांगलेलें मडकेंहि कांहीं सांगूं शकतें, असें आमचें मत आहे. ताडी झाडावरून उतरून पिणाऱ्याच्या हातीं पडेपर्यंत ज्या भांड्यांतून फिरे, त्यांचा विचार केला असतां या भागांतील आबकारीचा इतिहास अधिक स्पष्ट होतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लेखाचें क्षेत्र म्हणजे कामोठें व त्याच्या सभोंवारचा पनवेल-उरण प्रदेश. आज कामोठें हें सिडकोनें वसविलेलें नव्या मुंबईचें एक उपनगर असून १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेंत मोडतें. सिडकोची स्थापना इ. स. १९७० सालची. त्यापूर्वीं पनवेलच्या खाडीलगतचा हा सारा टापू भातशेतीच्या खारजमिनींचा, मिठागरांचा व खेड्यांचा होता. संशोधकानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पनवेल तालुका इ. स. १८८३ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो कुलाबा जिल्ह्यास, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यास, जोडण्यांत आला. त्यामुळें तत्पूर्वींची माहिती कुलाब्याच्या नव्हे, तर ठाण्याच्या सरकारी गॅझेटियरांत पाहावी लागते.

आतां मूळ कृतीकडे वळूं. माडाची न उमललेली पोय घट्ट बांधून तिचें टोंक छेदितात व खालीं मडकें अडकवितात. रस थेंबथेंब गळतो. दिवसांतून दोन वेळां माडावर चढून टोंकाची पातळ चकती पुन्हां कापावयाची, सांठलेला रस कमरेच्या भोपळ्याच्या तुंबड्यांत ओतावयाचा, रितें मडकें पुन्हां अडकवावयाचें आणि खालीं येऊन तुंबड्यांतील रस मोठ्या मडक्यांत रिकामा करावयाचा. उत्तर कोंकणांत हा धंदा मुख्यत्वें भंडारी समाजाच्या हातीं होता. ताडाच्या झाडाचीहि रीत थोड्या फरकानें अशीच.

या ओतण्यांतच सारें मर्म आहे. ताज्या रसांत शेंकडा दहा ते पंधरा इतकी साखर असते. मडकें जुनें असलें तर त्याच्या तळाशीं व छिद्रांत आदल्या दिवसाचें किण्व शिल्लक राहतें, आणि नवा रस त्यांत पडतांच आंबूं लागतो. कांहीं तासांत त्याची ताडी होते. दिवसभरांत तिच्यांत शेंकडा चार-सहापर्यंत मद्यार्क येतो. पुढें उघड्यावर राहिल्यास हवेच्या संयोगानें तिचा शिरका होतो. उलटपक्षीं मडकें स्वच्छ धुऊन आंतून चुन्याचा हात दिला, तर आंबण्याची क्रिया बराच वेळ रोखली जाते आणि तोच रस नीरा म्हणून पितां येतो किंवा आटवून त्याचा गूळ करितां येतो. झाड एक, रस एक. फरक केवळ भांड्याचा व वेळेचा.

युरोपांत जवापासून बिअर करणारे लोक ती एका पात्रांतून दुसऱ्यांत अलगद उतरवितात. तळीं बसलेला साका मागें राहावा व निवळ तेवढें पुढें जावें, आणि हवेचा स्पर्श शक्य तितका टळावा, हा त्यांतील हेतु. ताडीवाल्याची गोष्ट निराळी. त्यास मागें राहिलेला साका उद्यांच्या रसासाठीं विरजणाप्रमाणें उपयोगीं पडतो. आपल्याकडील जुन्या ग्रंथांसहि या गोष्टी परक्या नाहींत. कौटिलीय अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत किण्वाची कृति दिलेली आहे; शिवाय उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगीं चार दिवस मद्य करण्याची मोकळीक सांगितली आहे. घरचें मद्य आणि राज्याची देखरेख यांचा संबंध किती जुना आहे, हें यावरून दिसतें.

उत्तर कोंकणाजवळचा महत्त्वाचा लेखी पुरावा म्हणजे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा, इ. स. १५६३ मध्यें गोव्यास छापलेला ग्रंथ. ओर्ताकडे मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून खंडानें होतें, तेव्हां माडांची माहिती त्यास घरचीच म्हणावी लागेल. माडाच्या रसास तो ‘सुरा’ म्हणतो आणि त्यापासून ऊर्ध्वपातनानें काढलेली दारू, शिरका व गूळ हे तिन्ही पदार्थ होतात असें नमूद करितो. एका रसाच्या या तीन वाटा चारशें वर्षांपूर्वींहि परिचित होत्या.

इंग्रजी अमलांत मात्र या तीन वाटांकडे पाहण्याची दृष्टि पालटली. इ. स. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें मद्य करणें, विकणें व बाळगणें यांवर सरकारी नियंत्रण बसलें. झाडें छेदण्यास परवाना व झाडामागें कर अशी व्यवस्था झाली. रस मडक्यांत किती आला, किती आंबला, किती नासला, याच्याशीं कराचा संबंध नव्हता. झाड आटलें तरी कर चुकत नसे. तोटा कोणी सोसावयाचा, याचें उत्तर त्या रचनेंतच होतें: जो माडावर चढे त्यानें. घरगुती भट्टीची जागा हळूहळू मक्त्याच्या व सरकारी देखरेखीच्या भट्टीनें घेतली. शेजारचें उरण हें मोहाच्या दारूचें मोठें केंद्र असून तेथील माल मुंबईस जाई. इ. स. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरच निर्बंध आले. गरिबांच्या घरीं हीं फुलें अन्न म्हणूनहि उपयोगीं पडत. परंतु कायद्याच्या दृष्टीनें टोपलींतील फूल म्हणजे उद्यांची दारू ठरली.

विसाव्या शतकांत दारूबंदीची चळवळ आली. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं दारूबंदी पुकारली गेली, पुढें इ. स. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा होऊन १९५० च्या एप्रिलपासून राज्यांत पूर्ण बंदी आली. या काळांत नीरेस उत्तेजन मिळालें. व्यसनाचें दुःख घरोघर होतें, त्यामुळें या चळवळीचा हेतु आम्ही हलका लेखीत नाहीं. पण तिचा भार कोठें पडला तें पाहावें. सकाळची निर्दोष नीरा उन्हांत राहिली तर दुपारीं ताडी होते. म्हणजे चुन्याचा हात कमी पडला, किंवा माल पोंचण्यास उशीर झाला, कीं तोच मनुष्य परवानेदाराचा गुन्हेगार व्हावयाचा. पूर्वीं सरकारनें झाड मोजलें, आतां मडक्यांत डोकावून पाहिलें. दोन्ही वेळां जोखीम चढणाऱ्याच्याच माथीं राहिली.

सरकारी कागदांत परवाने आहेत, झाडें आहेत, वसूल आहे. मडकें कोणीं कसें धुतलें, रस केव्हां उतरविला, कोणत्या भांड्यांत किती थांबविला, हें ज्ञान त्यांत नाहीं. आणि नीरा, ताडी, शिरका, गूळ यांतील निवड तर त्याच ज्ञानावर चाले. तें लिहून ठेवलेलें नसल्यामुळें माणसांबरोबर जातें. कामोठ्याच्या आसपास आतां माडांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. तरीहि पनवेल, उरण व अलिबाग या तालुक्यांत हा धंदा ज्यांनीं केला, अशीं वृद्ध माणसें जेथें भेटतील तेथें त्यांच्या तोंडून भांड्यांचीं नांवें, मापें व ओतण्याच्या वेळा टिपून घ्याव्या, आणि जुनीं मडकीं व तुंबडे संग्रहालयांत जपावे. वसुलाच्या आंकड्यांस त्यायोगें माणसाचा हात जोडला जाईल. त्यावांचून हा इतिहास केवळ करवसुलीचा इतिहास होऊन राहील.