पाया घालण्याचे दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझी सगळी नोकरी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात, शिफ्ट ड्युटीत गेली. त्यामुळे 'बेस' हा शब्द मला नवा नव्हता. विजेची जी मागणी दिवसरात्र असतेच, तिला आम्ही 'बेस लोड' म्हणतो. ती भागवायची कोळशाच्या संचांनी. संध्याकाळी घरोघर दिवे लागले की मागणी एकदम चढते. तेव्हा कोयनेचं पाणी कामाला येतं. कोयना काही मिनिटांत जोर लावते. कोळशाचा थंड पडलेला संच मात्र तसा उठत नाही. बॉयलर हळूहळू तापवायचा, टर्बाइनला थोडी थोडी वाफ द्यायची, थांबायचं, पुन्हा द्यायची. घाई केली तर रोटर वाकण्याची भीती.

वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाला हाच नियम स्वतःच्या शरीरालाही लागू आहे, हे कळायला पंचेचाळिशी उलटावी लागली!

त्या वयात मी हौसेनं गिअरची सायकल घेतली आणि दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव दिलं. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पार करायचं, एवढंच. दोनशेला साडेतेरा तास मिळतात. मी तयारी केली तीन महिने. वेळ कमी, म्हणून प्रत्येक वेळी जीव तोडून सायकल हाणायची, असा माझा हिशेब. प्रत्यक्ष राइडच्या दिवशी एकशे चाळीस किलोमीटरवर पाय उचलेनात, डोळ्यांपुढे अंधारी आली. सायकल टेम्पोत टाकून घरी परतलो.

टेम्पोत बसल्या बसल्या मला आमच्या नानांची आठवण झाली. दीपनगरचा ६२.५ मेगावॅटचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. त्यानंतरच्या काळात नाना वरणगावहून रोज सायकलवर कामाला येत. जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर, तेही लोखंडी, जड सायकलवर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी साडेचार हजार किलोमीटर झाले! माझ्या आत्याच्या लग्नाचं आवतण द्यायला ते एका दिवसात शंभरेक किलोमीटर फिरले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर होते. सराव हा शब्दही त्यांच्या तोंडी कधी आला नाही. मग त्यांना जे जमलं ते मला का जमू नये? या प्रश्नानं मला जुनी पुस्तकं चाळायला लावली.

सायकल शर्यतींचा हंगाम युरोपात ठरला. १९०७ मध्ये सुरू झालेली मिलान-सान रेमो ही शर्यत सहसा मार्चमध्ये होते आणि ऑक्टोबरपर्यंत बाकीच्या चालतात. मधे हिवाळा. रस्त्यावर बर्फ आणि चिखल. त्या दिवसांत सायकलपटू काय करत? कोणी बंदिस्त ट्रॅकवर फिरत, कोणी शेतांतून, चिखलातून, प्रसंगी सायकल खांद्यावर घेऊन धावत. या दुसऱ्या प्रकाराला सायक्लोक्रॉस म्हणतात. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापीझनं आपल्या यशाचं श्रेय त्यालाच दिलं होतं. शर्यती नसलेले दिवस रिकामे नसतात, हे तेव्हाच ध्यानात आलं होतं.

पुढे १९३० च्या दशकात जर्मनीत गेर्शलर या प्रशिक्षकानं घड्याळ हातात घेतलं. थोडं अंतर वेगानं धावायचं, नाडी खाली येईतो थांबायचं, पुन्हा धावायचं. त्याच्या हाताखालच्या रुडॉल्फ हार्बिगनं १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो विक्रम सोळा वर्षं टिकला. साहजिकच कमी वेळात जास्त जोर, हाच मंत्र सगळीकडे झाला.

त्या मंत्राला धक्का दिला न्यूझीलंडच्या एका कामगारानं. आर्थर लिडियार्ड हा बुटांच्या कारखान्यात काम करायचा, शिवाय पहाटे दूध घालायचा. तिशीच्या आत असताना मित्राबरोबर आठ किलोमीटर धावला आणि बेदम थकला. आत्ता ही गत, तर पन्नाशीत काय होईल, या काळजीनं त्यानं स्वतःवरच प्रयोग सुरू केले. कित्येक वर्षांनी तो या निष्कर्षाला आला की वर्षातले सुरुवातीचे दहा-बारा आठवडे फक्त दम वाढवण्यात घालवावेत. अंतर भरपूर, पण वेग असा की गप्पा मारता याव्यात. मग टेकड्या, आणि सर्वांत शेवटी वेग. त्याच्याजवळ गोळा झालेली मुलंही नोकऱ्या सांभाळून धावणारी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांतल्या पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि एक हात अधू असलेल्या मरे हॅलबर्गनं ५००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकलं. मॅरेथॉनचं कांस्य बॅरी मॅगीनं मिळवलं. आज सायकलवाली पोरं ज्याला 'बेस' म्हणतात, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथं आहे.

हळू चालवून दम का वाढतो, याचं उत्तर १९६७ मध्ये मिळालं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवलं. त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशींतल्या छोट्या बॉयलरांची म्हणा ना, प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झालेली दिसली. हा बदल हप्त्याहप्त्यानं घडतो आणि सराव सोडला की ओसरतो. नानांच्या साडेचार हजार किलोमीटरांचं गुपित हेच. त्यांनी पाया कधी घातला नाही. तो रोज आपोआप पडत गेला.

आता तुम्ही म्हणाल, लिडियार्डची मुलं आठवड्याला एकशे साठ किलोमीटर धावायची. आम्हाला आठवड्यात पाच-सहा तास मिळायची मारामार! शंका रास्त आहे, आणि संशोधकांनीही ती घेतली आहे. २००६ मध्ये कॅनडात मार्टिन गिबाला यांनी तरुणांचे दोन गट केले. दोन आठवड्यांत एकानं साडेदहा तास निवांत सायकल चालवली, दुसऱ्यानं विश्रांती धरून फक्त अडीच तास, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे जोरकस झटके देत. सुधारणा जवळपास सारखीच! त्याच वर्षी नॉर्वेतल्या स्टीफन सायलर यांनी कुमार स्कीपटूंचा सराव मोजला, तर चारातली तीन सत्रं निवांतच होती.

मग खरं कोणाचं? माझ्या समजुतीप्रमाणे दोघांचंही. गिबाला यांचा प्रयोग दोन आठवड्यांचा होता. जोराची फळं लवकर दिसतात. पण दिवसभर खोगिरावर बसायचं तर महिन्यांची सवय लागते, आणि रोजचा जोर महिनोन्महिने झेपत नाही. कोयना हवीच, पण सगळा भार तिच्यावर टाकून चालत नाही.

नोकरीधंदा सांभाळून मोठी मजल मारल्याची उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू, एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची स्पर्धा त्यांनी आळीपाळीनं सायकल चालवत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली.

एक चूक मात्र आपण करतो. युरोपचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलतो. तिकडे हिवाळ्यात पाया घालतात, कारण बाहेर बर्फ असतं. आपल्याकडे हिवाळा हा तर सायकलचा खरा हंगाम. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आपले पाया घालण्याचे दिवस म्हणजे जून ते सप्टेंबर. जत्रांच्या कुस्त्या संपल्या, पाऊस लागला की पैलवान तालमीत मेहनतीला लागतात, तेच हे दिवस.

मी पुढच्या पावसाळ्यात तसंच केलं. आठवड्यात तीनदा पहाटे तासभर, साप्ताहिक सुटीला अडीच तास. बोलता येईल इतकाच वेग. तीनपैकी एका दिवशी मधेच चार-पाच वेळा, तीन-चार मिनिटांचा जोर. मुसळधार पाऊस असला तर घरात रोलरवर. रात्रपाळी करून आल्यावर मात्र सायकलला हात लावायचा नाही. त्या दिवशी झोप हाच सराव. पहिले पाच-सहा आठवडे काहीच फरक दिसेना. शाळकरी पोरं मागून येऊन पुढे जायची, तेव्हा मान खाली घालावीशी वाटे. सप्टेंबरात तोच वरणगावचा रस्ता, तोच वेग, पण श्वास लागेना. डिसेंबरात दोनशे किलोमीटर बारा तास चाळीस मिनिटांत पूर्ण केले.

हे सांगण्याचं कारण एवढंच. आमच्या वसाहतीत आणि भुसावळातही चाळिशीची कितीतरी माणसं उत्साहानं महागड्या सायकली घेतात, दोन महिने दामटतात, थकतात किंवा गुडघा धरून बसतात आणि 'आपलं वय झालं' म्हणून सोडून देतात. सायकली गॅलरीत गंजत राहतात. वय झालेलं नसतं. संच थंड असताना वाफ सोडलेली असते. चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यानं आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं आणि मग पहिले तीन महिने कोणाशीही स्पर्धा करू नये, स्वतःशीसुद्धा नाही.

पाऊस लागला की गॅलरीतली सायकल पुसा, हवा भरा आणि बोलत बोलत तासभर फिरून या.