रस्ता काळा की पांढरा?

मागच्या भागानंतर एकाने विचारलं, ‘भाऊ, मॉडेलवर नॅरोगेजचं फाटक करतोय. रस्ता काळा देऊ की पांढरा?’ मी उलट विचारलं, साल कोणतं?

आपली नागपूर–नागभीड लाइन ७६२ मिलिमीटरची. १:८७ च्या प्रमाणात पावणेनऊ होतात, म्हणून बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. ७ मीटरचा रस्ता होतो ८ सेंटिमीटर. बारीक पॉलिश पेपर चिकटवला की झालं डांबर. फक्त शुद्ध काळा रंग नको, आपल्या उन्हात डांबर राखाडीच दिसतं. फाटकात रुळांमधली जागा भरताना चाकाच्या कडेसाठी खाच सोडा. माझी गाडी तिथे तीनदा घसरली.

आता साल. १९९० असेल तर डांबर, सायकलरिक्षा, लुना. पण मेट्रो धावली मार्च २०१९ मध्ये, आणि ही लाइन ब्रॉडगेजसाठी बंद झाली त्याच नोव्हेंबरात. म्हणजे जेमतेम आठ-नऊ महिने दोन्ही गाड्या एकाच शहरात! माझ्या टेबलावर तेच महिने आहेत: सिमेंटचा पांढुरका रस्ता, ई-रिक्षा, मागे मेट्रोचा खांब.

नॅरोगेजची इंजिनं मोतीबागच्या म्युझियममध्ये २००२ पासून जपलीत. फाटकाजवळचा पानठेला कोण जपणार? तो मी काडेपेटीचा केलाय.