६१७४ या संख्येची कुळकथा

गणितातील स्थिरांकांना ज्यांची नावे लाभली ते बहुतेक विद्वान विद्यापीठांच्या, अकादमींच्या किंवा राजदरबारांच्या आश्रयाने राहिलेले होते. ६१७४ या संख्येला मात्र जे नाव जोडले गेले आहे ते नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांचे आहे, आणि ज्या क्रियेतून ही संख्या जन्मास आली ती तिसरी-चौथीतल्या मुलांच्या पाटीवर रोज चालणारी साधी वजाबाकी आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूस १७ जानेवारी १९०५ रोजी झाला. वडील पेशाने कारकून, परंतु फलज्योतिषाचा मोठा व्यासंग असलेले. आई मुलाच्या आठव्या वर्षीच निवर्तली. ठाण्यास शालेय शिक्षण घेऊन कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले, तेथे १९२७ साली स्वतंत्र गणिती संशोधनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले, आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी पदरी पडली. पुढचे उच्च गणित त्यांना कोणी शिकविले नाही. स्वयंशिक्षित हे विशेषण त्यांना लावताना ही पदवी विसरू नये हे खरे. तथापि संख्यांच्या ज्या प्रांतात त्यांनी आयुष्य वेचले, त्या प्रांतात त्यांना ना गुरू होता, ना मार्गदर्शक, ना सहाध्यायी. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शिक्षकाची नोकरी केली, आणि अध्यापनातून उरलेला सर्व वेळ अंकांच्या सहवासात घालविला.

त्या सहवासात १९४६ साली त्यांना ६१७४ गवसली. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक एकदा उतरत्या आणि एकदा चढत्या क्रमाने मांडावेत, मोठीतून लहान वजा करावी, आणि जी बाकी येईल तिच्यावर (ती तीन अंकी आली तर आधी शून्य मांडून) पुन्हा हाच संस्कार करावा; जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण ६१७४ पाशी येऊन पोहोचतो, आणि एकदा पोहोचल्यावर तेथून हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च उरते. खुद्द कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले, तर ९५१० मधून ०१५९ वजा जाऊन ९३५१ येते, मग क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. म्हणजे सातही पायऱ्या चढाव्या लागतात.

हा चमत्कार नव्हे, आणि त्याचे कारण कळल्याने त्याची गोडी कमी होत नाही, उलट वाढते. उतरत्या क्रमातील पहिल्या व चौथ्या अंकांतील अंतराला ९९९ ने आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांतील अंतराला ९० ने गुणून बेरीज केली की नेमकी ही वजाबाकी येते. मूळ संख्या कोणती होती याला मग महत्त्व उरत नाही. ही दोन अंतरे तेवढी उरतात, आणि त्यांच्या जोड्या अवघ्या ५४ आहेत. हजारो संख्यांचा प्रचंड मामला पहिल्याच पायरीवर ५४ बाक्यांपुरता आटोपतो, आणि त्या सर्वांची वाट अखेरीस एकच ठरते. तीन अंकी संख्यांत हेच स्थान ४९५ ला आहे; परंतु दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्यात फिरत राहतात आणि पाच अंकी संख्यांनाही असे एकच विश्रांतिस्थान नाही.

ही संख्या त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली, आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त तिच्यावर टिपण प्रसिद्ध झाले. आपल्याकडील गणितज्ञांनी मात्र त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. या उपेक्षेमागे एक तात्त्विक आक्षेप होता, आणि तो टाकाऊ नव्हता: असे गुणधर्म संख्येचे नसून दशमान पद्धतीने ती लिहिण्याच्या आपल्या रीतीचे असतात, पाया बदलला की ते पालटतात. ज्या हार्डींनी रामानुजनांना जगापुढे आणले, त्यांनीच १९४० साली लिहिलेल्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्या आपल्याच उलट्या संख्यांच्या अनुक्रमे चौपट व नऊपट आहेत, ही गोष्ट कोड्यांच्या सदरात शोभणारी, गणितज्ञाला न भुलविणारी म्हणून बाजूस सारली होती. मला हा निवाडा अपुरा वाटतो. दशमान लेखन हीही मानवी बुद्धीची एक थोर निर्मिती आहे, तिच्या अंतरंगात काय दडले आहे हे शोधणे क्षुद्र कसे ठरावे? शिवाय ज्याला वजाबाकी येते अशा प्रत्येकाला स्वतः पडताळता येईल असे सत्य किती गणितज्ञ मागे ठेवून जातात?

प्रसिद्धी आली ती १९७५ च्या मार्चमध्ये, ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून. तोवर कापरेकर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, आणि तुटपुंज्या निवृत्तिवेतनाला शिकवण्यांची जोड द्यावी लागत होती. १९८६ साली देवळालीसच त्यांचे निधन झाले.

या संख्येची भावंडेही आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, आणि ज्या डेमलो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीस, एक कल्पना सुचली, त्या स्थानकाचे नाव त्यांनी दुसऱ्या एका संख्यागणाला बहाल केले. मला त्यांतल्या स्वयंभू संख्या सर्वांत प्रिय आहेत. ४७ मध्ये तिच्या अंकांची बेरीज, ११, मिळविली की ५८ होते, म्हणून ४७ ही ५८ ची जनक. १०१ ला तर ९१ आणि १०० अशा दोन जनक आहेत. परंतु २०, ३१, ४२ या संख्यांना कोणीच जनक नाही, म्हणून त्या स्वयंभू. त्यांच्यावर कापरेकरांनी १९६३ साली देवळालीहून पुस्तिका काढली. पुढे हाच प्रश्न कोलंबियातील एका गणितज्ञाने अमेरिकन नियतकालिकातून मांडला, आणि त्या संख्यांना ‘कोलंबियन’ हेही नाव पडले. तरी ‘देवळाली संख्या’ ही त्यांची ओळख गणिताच्या दप्तरात आजही कायम आहे.