शहापूर-मुरबाडच्या खडकाळ वरकस जमिनीसाठी पहिला ट्रॅक्टर कसा निवडावा?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके भाताचे म्हणून ओळखले जातात. पण भाताची खाचरे हा येथील जमिनीचा एक भाग झाला. डोळखांब, किन्हवली, कसारा, टोकावडे, मोरोशी या पट्ट्यांत बहुतेक खातेदारांकडे खाचरांच्या वरच्या अंगाला थोडीफार वरकस असते. ही जमीन उताराची, मुरमाड आणि धोंड्यांनी भरलेली असते. पूर्वी या वरकसावर नागली, वरई आलटून-पालटून घेतली जात असे. मनुष्यबळ कमी झाले आणि आज यातील बरीच जमीन घाणेरी, कुडा व करवंदाच्या जाळ्यांखाली गेली आहे. आंबा-काजू लागवड, भेंडीसारखा भाजीपाला किंवा चारा यासाठी ती पुन्हा वहितीखाली आणायची म्हटले की पहिला विचार ट्रॅक्टरचा होतो आणि पहिला प्रश्न असतो, “किती एचपीचा घेऊ?”

हा प्रश्न खरे तर तिसरा. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: जमिनीखाली नेमके काय आहे, आणि ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालणार आहे.

आधी पहार, मग ट्रॅक्टर

येथील खडक काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. तो झिजून मुरूम होतो, मात्र सगळीकडे सारखा झिजत नाही. त्यामुळे एकाच एकरात एका कोपऱ्यात हातभर माती, मध्ये गोल सुटे धोंडे आणि वरच्या बाजूला अखंड कातळ असे चित्र दिसते. वरून गवत सारखेच असते.

शेतात साधारण दहा-दहा पावलांवर पहार मारून पाहावी व प्रत्येक ठिकाणची खोली वहीत मांडावी. एकराला अर्धा दिवस पुरतो. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल असताना हे काम करावे. मे महिन्यात कोरडा मुरूमही कातळासारखा वाजतो. पहार टणकन वाजली की हातभर बाजूला पुन्हा मारावी. तेथे ती आत गेली तर खाली सुटा धोंडा आहे. चारही बाजूंना वाजली तर कातळ समजावा.

अखंड कातळ चार-सहा इंचांवर असेल तर कोणताही ट्रॅक्टर त्याची शेती करून देणार नाही. तो भाग गवताला ठेवावा, किंवा फटी व खोलगट जागा पाहून खड्डे घेऊन काजू लावावा. मुरमाड व धोंड्यांचा भाग मात्र सुधारता येतो. पहिला ट्रॅक्टर याच भागाचा हिशेब करून घ्यायचा असतो. सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्राचा हिशेब येथे उपयोगाचा नाही. पाच एकर वरकसातून पहारीने दोनच एकर वहितीयोग्य निघाली तर सगळे गणित बदलते.

साफसफाई भाड्याच्या यंत्राने करावी

जमीन साफ करणे हे एकदाचे काम आहे आणि ती राखणे हे दरवर्षीचे. ही दोन कामे एकाच यंत्राकडून करून घेण्याच्या हट्टापायी गरजेपेक्षा मोठा ट्रॅक्टर घेतला जातो आणि तोही पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो. ट्रॅक्टर ओढण्यासाठी बनलेला असतो. रुतलेला धोंडा उचकटणे, ऐनाचे किंवा पळसाचे खुंट मुळासकट काढणे ही जेसीबी-पोकलेनची कामे. फेब्रुवारी ते मे या काळात काही दिवस असे यंत्र भाड्याने घेणे केव्हाही स्वस्त पडते.

यंत्रचालकाला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. झुडपे दातांच्या बकेटने मुळाशी उचकटून झटकावीत, सपाट पात्याने जमीन खरवडू नये. येथे कसदार माती वीतभरच असते. ती झुडपांबरोबर ढिगाऱ्यात गेली तर उरतो तो नुसता मुरूम. दुसरे म्हणजे निघालेले धोंडे कोपऱ्यात न टाकता उताराला आडवे, समपातळीत रचून घ्यावेत. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात नांगरलेला उघडा उतार पहिल्याच पावसाळ्यात धुऊन जातो. दगडी बांध ती माती अडवतो. ज्या उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवताना भीती वाटते, तो उतार नांगरूच नये. तेथे फळझाडे आणि गवतच योग्य.

एचपीपेक्षा वजन पाहावे

ओढण्याची ताकद इंजिनातून येते, पण जमिनीला ती चाकांवरच्या वजनातून पोहोचते. वजन अपुरे असेल तर मुरमावर चाक जागच्या जागी फिरते, टायर घासतो आणि डिझेल जळते. त्यामुळे 45 एचपीचे दोन ट्रॅक्टर सारखे नसतात. चिखलणी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला हलका फोर-व्हील ट्रॅक्टर 1350 ते 1400 किलोचा असू शकतो, तर त्याच एचपीचा सर्वसाधारण ट्रॅक्टर 1800 ते 2100 किलोचा. पहिला खाचरात रुतत नाही, दुसरा मुरमात नांगर ओढतो. 24-25 एचपीचे मिनी ट्रॅक्टर 600 ते 1000 किलोच्या दरम्यान असतात; आंब्याच्या ओळींतून फिरायला ते उत्तम, पण नव्याने फोडलेल्या माळावर पहिल्या नांगरटीसाठी कमी पडतात.

माझे मत असे. दोन-तीन एकर खाचर आणि थोडी बाग, अशा खातेदाराने मिनी फोर-व्हील ट्रॅक्टर घ्यावा व माळाची पहिली नांगरट भाड्याने करून घ्यावी. खाचरे पाच गुंठ्यांपेक्षा लहान आणि पायऱ्यापायऱ्यांची असतील तर 12-13 एचपीचा पॉवर टिलरच बरा, कारण बांधावरून ट्रॅक्टर उतरवण्यातच दिवस जातो. वहितीयोग्य माळ चार-पाच एकरांच्या पुढे असेल आणि ट्रॉलीचे कामही नियमित असेल, तरच 40 ते 45 एचपीच्या पूर्ण वजनाच्या, शक्यतो फोर-व्हील ट्रॅक्टरचा विचार करावा. त्यापुढे जाण्याचे कारण या दोन तालुक्यांत मला क्वचितच दिसते.

फोर-व्हील महाग पडतो. तरीही ओल्या मुरमाच्या चढणीवर आणि उतरताना तो जो ताबा देतो तो टू-व्हीलमध्ये मिळत नाही. टू-व्हीलच घ्यायचा असेल तर डिफरन्शियल लॉक असल्याची खात्री करावी आणि मागच्या टायरांत पाऊण पातळीपर्यंत पाणी भरून घ्यावे. 45 एचपीच्या ट्रॅक्टरला दोन्ही चाके मिळून तीन-चारशे किलो वजन त्यामुळे वाढते, आणि ते खाली वाढत असल्याने उतारावर तोलही सुधारतो. चिखलणीआधी मात्र ते पाणी काढावे.

कंपनीच्या माहितीपत्रकातील एचपी हा इंजिनाचा असतो. अवजाराला मिळणारा पीटीओ एचपी त्याहून कमी असतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. त्या अहवालात पीटीओची प्रत्यक्ष शक्ती, ओढ, उचलण्याची क्षमता आणि वजन दिलेले असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. कृषी सहायकांनी शेतकऱ्याला तो वाचून दाखवला तर निम्मा गोंधळ मिटेल.

पोटाखालची जागा आणि टायर

शोरूममध्ये बॉनेट सगळे पाहतात, ट्रॅक्टरखाली वाकून कोणी पाहत नाही. मिनी ट्रॅक्टरला जमिनीपासून मिळणारी मोकळी उंची साधारण 300 ते 325 मिलिमीटर असते, 40-45 एचपीला 400 च्या आसपास. गवतात लपलेला फूटभर धोंडा मिनीच्या पोटाला लागतो. ऑइल चेंबर कशाने झाकलेले आहे, डिझेलची नळी व पुढच्या एक्सलची सील उघडी आहे का, हे पाहावे. लोखंडी संरक्षक पत्रा लावून घेता येत असेल तर खरेदीतच मागून घ्यावा.

टायर जास्त प्लायचे घ्यावेत. मुरमावर टायर झिजण्याआधी बाजूने कापला जातो, आणि बाजूचा काप दुरुस्त होत नाही.

अवजारे

पहिल्या वर्षी रोटाव्हेटर घेऊ नये. शेतकऱ्यांना तो हवा असतो, कारण त्याचे काम दिसायला सुबक असते. पण धोंड्यांच्या जमिनीत पाती तुटतात आणि धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो. दगड वेचून झाल्यावर, दोन-तीन हंगामांनी तो घ्यावा.

सुरुवातीला स्प्रिंगचा कल्टिव्हेटर घ्यावा. दगड लागला की त्याचा फण मागे झुकतो आणि पुढे जाऊन जागेवर येतो. खोल नांगरटीसाठी पलटी नांगरापेक्षा तव्यांचा नांगर योग्य, कारण तवा दगडावर आणि मुळांवर अडकत नाही, वरून फिरतो. पलटी नांगर असलाच तर शिअर बोल्ट ठरलेल्या मापाचाच घालावा. तो तुटतो म्हणून जाड बोल्ट घातला तर पुढच्या वेळी नांगराची फ्रेम वाकते. झुडपे पुन्हा फुटतातच. ती पावसाळ्यानंतर कापण्यासाठी स्लॅशर चांगला, पण त्याच्या पात्यांखालून दगड गोळीसारखा सुटतो. मागे साखळ्यांचा पडदा हवा आणि आसपास माणसे-गुरे नकोत.

ट्रॉलीबाबत एक हिशेब लक्षात ठेवावा: एक ब्रास दगड चार टनांच्या पुढे भरतो. मिनी ट्रॅक्टरमागे असे ओझे लावून उतार उतरणे म्हणजे ब्रेक नसलेल्या ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकलत नेणे होय.

उतारावरचा धोका

साखळी मागच्या एक्सलला किंवा टॉप लिंकच्या जागी बांधून खुंट ओढणे हा ट्रॅक्टर मागे उलटण्याचा ठरलेला मार्ग आहे. खुंट हलत नाही, चाके रुततात आणि पुढचा भाग उचलला जातो. दीड-दोन सेकंदांत सगळे संपते. क्लच दाबायला वेळ मिळत नाही. ओढायचे ते फक्त खालच्या ड्रॉबारवरून, लहान गिअरमध्ये, धक्का न देता.

आसनामागे संरक्षक लोखंडी चौकट व पट्टा असलेलाच ट्रॅक्टर घ्यावा. बागेत फिरवायचा असेल तर दुमडणारी चौकट मिळते. उतार उतरताना न्यूट्रल करू नये आणि दोन्ही ब्रेक पेडल जोडलेले ठेवावेत. मडगार्डवर पोरांना बसवण्याची आपली सवय तर सोडलीच पाहिजे.

हप्ता कोण भरणार?

समजा, सात लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले. सहामाही हप्ता सुमारे 93 हजार येतो, वर्षाला 1 लाख 86 हजार. आता चार एकर भाताचे एकरी 12 क्विंटल धरले तर 48 क्विंटल होतात. 2025-26 च्या खरिपाचा साधारण भाताचा हमीभाव 2369 रुपये, म्हणजे सगळे भात विकूनही 1 लाख 14 हजारांच्या आत. घरी खायला काही ठेवले नाही आणि खताचा खर्च धरला नाही, तरी हप्ता निघत नाही.

ट्रॅक्टर वर्षाला 150 तास चालला तर नुसता हप्ताच तासाला 1240 रुपये पडतो, डिझेल आणि चालक वेगळा. 600 तास चालला तर 310 रुपये. गावातील भाड्याचा चालू दर याच्या शेजारी मांडावा. नोव्हेंबरची झोडणी-वाहतूक, जूनची उखळणी, जुलैची चिखलणी अशी कामे बाहेरून किती मिळतील, हे आजूबाजूच्या दहा घरी विचारून मगच सही करावी. चार-पाच शेतकऱ्यांच्या गटाने मिळून एक ट्रॅक्टर घेणे हा या भागात अनेकदा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरेल. आणि खाचर थोडेच असेल तर बैलजोडीही अजून मोडीत निघालेली नाही. म्हशाच्या जत्रेतला बैलबाजार दर पौषात भरतोच.

अनुदानासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के, अशी ठरावीक कमाल मर्यादेत रचना आहे. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुने दरपत्रक दाखवले जात नाही ना, ते तपासावे.

यंत्र लावण्याआधी सातबारा

या दोन्ही तालुक्यांत अनेक सातबाऱ्यांवर इतर हक्कांत वनाची नोंद आढळते. 1975 च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याखालील किंवा त्याआधीच्या नोटिसांची अशी नोंद असेल तर जेसीबी लावण्यापूर्वी तलाठी आणि वन विभाग या दोन्ही ठिकाणी लेखी खुलासा घ्यावा. झाडे तोडण्यासाठी परवानगी वेगळी लागते. वनपट्ट्याच्या जमिनीत यंत्राने काम करायचे तर वनहक्क समितीला आणि वन विभागाला विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

निघालेला दगड-मुरूम आपल्याच बांधाला वापरावा. बाहेर नेऊन विकायचा तर तहसील कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. विनापरवाना वाहतुकीत दंड तर होतोच, ट्रॅक्टर-ट्रॉलीही जप्त होऊ शकते. हप्ता मात्र चालूच राहतो.

खरेदी केव्हा करावी

जूनच्या तोंडावर घाईने खरेदी करू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतल्यास ओल असताना आपल्याच माळावर प्रात्यक्षिक मागता येते. ते रस्त्यालगतच्या सपाट तुकड्यात न घेता पहारीने निवडलेल्या मुरमाड भागात, नांगर लावून, चढाच्या दिशेने घ्यावे. चाके किती घसरतात, पुढचा भाग उचलतो का आणि बांधापाशी वळायला किती जागा लागते हे पाहावे. मेकॅनिक गावापर्यंत येतो का, हे त्या कंपनीचा ट्रॅक्टर असलेल्या शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे, तेही जुलैतल्या अनुभवाबद्दल. पहिली सर्व्हिस साधारण 50 तासांनी असते. खडकाळ रानात चाकांचे नट मात्र पहिल्या दहा तासांतच एकदा आवळून घ्यावेत.