वाट, दिवाबत्ती आणि श्रमदान : अहिल्यानगर जिल्ह्यातील लोकश्रमाचा इतिहास

१

गावाला वाट असावी आणि त्या वाटेवर दिवा असावा, या ग्रामजीवनाच्या दोन अगदी प्राथमिक अपेक्षा होत. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आजचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) याने रस्ते व दिवाबत्ती ही दोन्ही कामे पंचायतीच्या सूचीत घातली. परंतु कर्तव्य सोपविणे निराळे आणि ते पार पाडण्याचे साधन देणे निराळे. पंचायतीजवळ पैसा थोडा आणि नोकर त्याहून थोडे. त्यामुळे या कामांचा बराच भार गावकऱ्यांच्या हातांवर पडला. मोबदल्यावाचून केलेल्या या श्रमाला आज ‘श्रमदान’ म्हणतात.

२०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव या शब्दाशी विशेष निगडित झाले आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार या दोन गावांमुळे श्रमदानाने बांधलेले बांध, गोबरगॅसवर पेटणाऱ्या चुली आणि सूर्यप्रकाशावर चालणारे दिवे यांची कीर्ती देशभर पोचली. तथापि श्रमदान हा शब्द जितका नवा आहे, तितकी त्यामागील क्रिया नवी नाही. गावासाठी फुकट राबणे ही जुनीच गोष्ट होय. ते कोणी राबावे, कोणाच्या आज्ञेने राबावे आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडावे, या प्रश्नांची उत्तरे मात्र बदलत गेली. वेठ, सावड आणि श्रमदान या तीन शब्दांच्या आधाराने त्या बदलाचा माग काढता येतो.

२

मराठी ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ या शब्दापासून आलेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात विष्टि म्हणजे सक्तीने घेतलेले श्रम. इसवी सन १५० च्या सुमाराच्या जुनागढ येथील शिलालेखात महाक्षत्रप रुद्रदामन याने सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा घातल्याची हकीकत आहे. हे काम करताना प्रजेला कर, विष्टि व प्रणय यांचा जाच दिला नाही, असे तेथे आवर्जून सांगितले आहे. राजाने ही गोष्ट भूषण म्हणून नोंदवावी, यावरूनच सर्वसाधारण प्रघात काय असावा हे उघड होते. पुढे फारसीतून ‘बेगार’ हा शब्द मराठीत आला तेव्हा जुना शब्द मागे पडला नाही. दोहोंचा मिळून ‘वेठबिगार’ असा समानार्थी पदांचा जोडशब्द तयार झाला. राज्यकर्ते बदलले तरी सक्ती टिकली, याचा हा भाषिक पुरावाच मानावा लागेल.

गावगाड्यात ही सक्ती सर्वांवर सारखी नव्हती. गावच्या शिवा दाखविणे, वेशीची राखण करणे, सरकारी माणसास पुढील गावापर्यंत वाट दाखविणे, त्याचे सामान वाहणे, निरोप पोचविणे ही कामे वतनाच्या नावाखाली मुख्यतः महार समाजाकडे होती. वेसकर, तराळ, वाटाड्या ही नावे त्या कामांचीच साक्ष देतात. मोबदला म्हणून वतनाची थोडी जमीन आणि बलुते मिळे. पण काम नाकारण्याची मुभा नव्हती आणि कामाचा वेळही ठरलेला नव्हता. गावच्या वाटांचे सर्वांत अचूक ज्ञान ज्याच्याजवळ होते, त्यालाच त्या वाटांवर मोकळेपणाने वावरण्याचा अधिकार नव्हता, ही या व्यवस्थेतील मोठी विसंगती होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या बांधिलकीवर आघात करण्यासाठीच.

१९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविली. त्यानंतर मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, १९५८ याने महार वतनासह गावकामगारांची वतने रद्द केली. ग्रामपंचायत अधिनियमही १९५८ चाच होय, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एका कायद्याने गावच्या वाटेवरील जन्मजात सेवा संपविली. दुसऱ्याने ती वाट आणि तिच्यावरील दिवा पंचायतीच्या स्वाधीन केला. जे काम काही घराण्यांवर लादलेले होते ते आता सर्व गावाचे झाले. निदान कायद्याच्या दृष्टीने तरी झाले. प्रत्यक्षात ते कोणी उचलावयाचे, हा प्रश्न मोकळाच राहिला.

३

वेठीहून सर्वस्वी भिन्न अशी श्रमाची एक परंपरा मराठी मुलखात होती आणि आजही काही अंशी आहे. सावड म्हणजे माणसे वा बैल आळीपाळीने एकमेकांच्या कामास देण्याची रीत. इर्जिक म्हणजे एखाद्याचे शेतकाम अडले असता इतरांनी आपापली औते घेऊन त्याच्या शेतावर जाणे आणि त्याने सर्वांना जेवू घालणे. या दोहोंत आज्ञा देणारा कोणी नसतो. आज एकाने केलेले काम उद्या दुसऱ्याने फेडावयाचे असते, आणि हा हिशेब लिहून न ठेवताही सर्वांच्या ध्यानात राहतो. वेठ वरून खाली येते. सावड समोरासमोर चालते. मात्र सावडीलाही मर्यादा होती. ती बहुधा बरोबरीच्या माणसांत चाले. ज्याच्याजवळ जमीन नाही आणि बैलही नाही, त्याला तिच्यात फारसे स्थान नव्हते.

‘श्रमदान’ हा शब्द रूढ झाला तो स्वातंत्र्योत्तर काळात. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबा भावे यांना भूदानाचा मार्ग गवसला, आणि त्या चळवळीबरोबर ग्रामदान, संपत्तिदान, श्रमदान असा शब्दांचा एक परिवारच प्रचारात आला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाने या शब्दाला सरकारी व्यवहारात स्थान दिले. रस्ते, विहिरी, शाळा यांसाठी गावकऱ्यांनी रोख रक्कम, साहित्य अथवा श्रम या रूपाने वाटा उचलावा, अशी त्यात अपेक्षा होती. संत गाडगेबाबांनी तर याआधीच हाती खराटा घेऊन गाव झाडण्याचा धडा घालून दिला होता. अमुक एका जातीचे मानले गेलेले काम सर्वांनी करावे, हा त्या खराट्याचा अर्थ होता.

शब्दाच्या घडणीकडे पाहिले असता ‘दान’ या उत्तरपदात एक गुण आणि एक धोका, दोन्ही दिसून येतात. दान स्वेच्छेचे असते, म्हणून श्रमदान वेठीपासून वेगळे होते. परंतु दानाची परतफेड मागावयाची नसते, म्हणून ते सावडीपासूनही वेगळे पडते. ज्याने श्रम दिले त्याला फळात वाटा मिळालाच पाहिजे, असे ‘दान’ हा शब्द म्हणत नाही. या शब्दाचा पुढील इतिहास या उणिवेभोवतीच फिरतो.

४

अहमदनगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत मोडतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात गेली होती. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला. सार्वजनिक कामावर राबणाऱ्यास मजुरी मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले. यापुढे श्रमदानाला या हक्काच्या शेजारी उभे राहावयाचे होते.

१९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या किसन बाबुराव तथा अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत कामास आरंभ केला. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, मग पाणलोटाची कामे, आणि श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व कुटुंबनियोजन ही पंचसूत्री, असा तो क्रम होता. ऊर्जेच्या बाबतीत या गावाने केलेले प्रयोग त्या काळी नवीन होते. घरोघरचे गोबरगॅस, सार्वजनिक संडासाला जोडलेला गॅस प्रकल्प, सौरदिवे आणि पवनचक्की ही सर्व साधने एकाच लहान गावात आली. कुऱ्हाडबंदी आणि गोबरगॅस यांचा संबंधही ध्यानात घेण्याजोगा आहे; सरपणावर बंदी घालावयाची तर चुलीला दुसरे इंधन द्यावे लागते.

१९९२ मध्ये राज्य शासनाने राळेगणच्या धर्तीवर आदर्श गाव योजना आखली आणि १९९४ मध्ये हिवरे बाजार तिच्यात सामील झाले. पोपटराव पवार हे त्यापूर्वीच तेथे सरपंच झाले होते. राळेगणमध्ये एका व्यक्तीचा नैतिक अधिकार प्रधान होता; हिवरे बाजारात पंचायत आणि ग्रामसभा यांना अधिक महत्त्व आले. पाणलोटाच्या कामांत तेथे रोजगार हमीची मजुरी आणि श्रमदान यांची सांगड घातली गेली. पुढे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा पडली आणि सिंचनासाठी विंधनविहिरी घेण्यास मनाई झाली. चराईबंदीमुळे वाढलेले गवत कापून नेण्याची सोय ठेवली गेली. निर्बंधाबरोबर फळात वाटा देण्याची ही रीत सावडीच्या जवळ जाणारी आहे.

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. राळेगणमध्ये दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे हजारे यांनी स्वतःच सांगितले आहे. मुकुल शर्मा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तेथील शिस्तीची आणि त्या व्यवस्थेतील दलितांच्या स्थानाची परखड चिकित्सा केली. शिवाय फळाच्या वाटणीचा प्रश्न होताच. बांध घातला की पाणी विहिरीत उतरते, आणि विहीर असते ती जमीन असलेल्याची. गोबरगॅसला रोजचे शेण लागते. एका घनमीटरच्या लहान संयंत्रासही दोनतीन गुरे हवीत. भूमिहीनाचे श्रम बांधात जिरतात, पण त्याच्या घरात ना पाणी वाढते ना गॅस पेटतो. सार्वजनिक प्रकल्पाचे महत्त्व येथे कळते. गल्लीतील सौरदिव्याचा उजेड सातबारा पाहून पडत नाही.

५

वाटांच्या बाबतीत परिस्थिती अधिक अवघड आहे. दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी पाणंद, दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता, गाडीवाट, पायवाट असे मराठीत वाटेचे अनेक प्रकार आहेत. ‘शीव’ हा शब्द संस्कृत ‘सीमा’ याचेच रूप होय. जमिनीचे तुकडे पडत गेले तसतशी बांधालगतची हातभर जमीन नांगरटीत येऊ लागली आणि पाणंदी अरुंद होत गेल्या. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याचे कलम ५ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याचे कलम १४३ यांखाली वाटेच्या तक्रारींचा निर्णय तहसीलदाराने द्यावयाचा असतो. शासनाने २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजनाही काढली.

परंतु निकाल आणि निधी यांनी वाट खुली होतेच असे नाही. बांध कोरणारा आणि अडलेला हे दोघे बहुधा शेजारी वा भाऊबंदच असतात. येथे फावड्याच्या श्रमापेक्षा आपल्या शेतातील पट्टा सोडण्याचा त्याग मोठा असतो, आणि तो भूमिहीनाला नव्हे, जमीनदाराला करावा लागतो. श्रमदानात गरीब माणूस आपला दिवस देतो. वाट मोकळी करण्यात सधन माणसाला आपली जमीन द्यावी लागते. म्हणूनच बांधबंदिस्तीला हजर असलेले गाव पाणंदीच्या वेळी गप्प बसते, असा अनुभव येतो.

६

अलीकडच्या काळात या जुन्या प्रश्नांना नवे रूप आले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या गावांची निवड झाली. २ ऑक्टोबर २०२० रोजी आरंभ झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचमहाभूतांच्या नावाने स्थानिक संस्थांची कामे मोजण्यास सुरुवात केली. त्यांतील अग्नी म्हणजे ऊर्जा. २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. वीजवाहिनीला सूर्यप्रकाश पुरविणाऱ्या मोठ्या प्रकल्पांसाठी विस्तीर्ण जागा लागते, आणि तशी सार्वजनिक जागा गावात बहुधा गायरानाच्या रूपाने असते. शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांचा आधारही तेच गायरान होय. त्या जागेवर सौरपट्ट्या बसताना दिवसा वीज मिळेल ती पंप असलेल्या शेतकऱ्याला. चराई जाईल ती दुसऱ्याची.

या बाबतीत तमिळनाडूतील कोइमतूर जिल्ह्यातील ओडंतुरै पंचायतीचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या पंचायतीने २००६ मध्ये कर्ज काढून ३५० किलोवॉटची पवनचक्की स्वतःच्या मालकीची केली आणि तिची वीज मंडळास विकून उत्पन्न पंचायतीच्या तिजोरीत आणले. अहिल्यानगर जिल्ह्यात सुपे परिसरातील डोंगरांवर पवनचक्क्या पुष्कळ आहेत. परंतु गावकऱ्यांच्या दृष्टीने डोंगर गावचा असणे आणि चक्की गावची असणे यांत मोठे अंतर आहे.

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. श्रमदानाचे मोल केवळ स्वेच्छेवरून ठरत नाही, कारण गावात स्वेच्छा आणि दडपण यांची सीमारेषा फार पुसट असते. काम सर्व घरांवर सारखे पडते का, फळ सर्व घरांत पोचते का आणि नकार देणाऱ्यास सन्मानाने राहता येते का, या तीन कसोट्यांवर ते पारखावे लागते. त्यांवर उतरलेले श्रमदान सावडीचे व्यापक रूप ठरते. न उतरलेले, नाव कितीही पवित्र असले तरी, वेठीच्या वाटेला लागते. १९५८ च्या दोन कायद्यांनी वाट आणि दिवा सर्व गावाच्या हाती दिले. ‘सर्व गाव’ या शब्दांत कोण कोण येते, हे ठरविण्याचे काम मात्र कायद्याने कधीच पुरे होणार नव्हते; ते प्रत्येक ग्रामसभेला आपल्यापुरते करावे लागते.