कोळसा गेला, कुरण कुणाचं?

जळगावात उभं राहून कोळशाच्या खाणीवर बोलायचं म्हणजे थोडं चमत्कारिकच. खानदेशात कोळसा निघत नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आणि तापीचा गाळ. पण दीपनगरचे बॉयलर पेटतात ते बाहेरून आलेल्या कोळशावर, आणि त्यातला काही आपल्याच राज्यातल्या विदर्भाचा. खड्डा तिकडे, दिवा इकडे. त्या खड्ड्याच्या जागी आधी काय होतं आणि नंतर काय होतं, हे आज गुराख्याच्या बाजूनं बघू या.

सुरुवात वरोऱ्यापासून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावी सरकारनं 1870च्या दशकात खाण काढली, 1877 साली वर्ध्याहून तिथवर रेल्वे आली आणि 1906 साली खाण बंदही झाली. ती भूमिगत खाण. माणसं खाली उतरत, बोगदे खणत, आणि वरची बरीचशी जमीन जागेवर राहत असे. भूमिगत खाणीमुळेही जमीन खचते, नाही असं नाही. पण गायरान नकाशावरून पुसलं जात नाही.

चित्र पालटलं ते राष्ट्रीयीकरणानंतर. 1973 साली खाणी सरकारकडे गेल्या, 1975 साली वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली, आणि पुढे उघड्या खाणींचा जोर वाढला. उघड्या खाणीत कोळशावरची सगळी माती, मुरूम, दगड उचलून बाजूला टाकतात. खाणीतले लोक त्याला ‘ओबी’ म्हणतात. घुग्गुस, वणी भागात जाल तर सपाट मुलखात अचानक डोंगर दिसतात ना, ते हेच. निसर्गाचे नव्हेत.

आता या डोंगरावर गवत का येत नाही? लोक म्हणतात, गवत काय, पाऊस पडला की येतंच. शेतात येतं, कारण तिथं माती जिवंत असते. ओबीत तळचा दगड वर आलेला, सेंद्रिय अंश नाही, नत्र नाही, पाणी धरून ठेवणारं काही नाही, आणि उतार असा की पहिल्याच पावसात बी वाहून जातं. म्हणून खणण्याआधी वरची सुपीक माती वेगळी काढून जपायची आणि शेवटी तीच पसरायची, हा नियम. ती वर्षानुवर्षं ढिगात पडली की तिचाही जीव जातो, हे वेगळंच.

नागपूरच्या ‘नीरी’नं यावर मोलाचं काम केलंय. डॉ. आशा जुवारकर यांच्या गटानं कोळसा खाणीच्या अशा ढिगावर 10 हेक्टरचा प्रयोग केला: कारखान्याच्या सांडपाण्यातला गाळ खत म्हणून, जोडीला जिवाणू खतं आणि मुळांशी संसार मांडणाऱ्या बुरशा. पण त्यांचा भर झाडांवर होता, आणि जवळपास सगळ्यांचाच असतो. झाड मोजता येतं, फोटोत दिसतं, अहवालात आकडा भरता येतो. मारवेल, पवना ही गवतं कोण मोजणार?

आणि नुसतं हिरवं दिसलं म्हणून कुरण होत नाही. मुळं धरायच्या आत गुरं सोडली तर खुरांनी सगळं उखडतं. अमेरिकेत 1977च्या कायद्यानं कंपनीची अनामत रक्कम रोपण झाल्यावर 5 वर्षं, कोरड्या प्रदेशात 10 वर्षं अडकवून ठेवली जाते. जमीन टिकली हे दिसल्यावरच पैसे मोकळे. आपल्याकडे 2009 साली कोळसा मंत्रालयानं तसाच मार्ग धरला: उघड्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख, भूमिगत खाणीसाठी 1 लाख, खास खात्यात ठेवायचे.

गवताचं नाव मात्र 2020 साली आलं. 8 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत लावा, ती चारा उगवण्याजोगी करा, आणि ही अट परवान्यातच घाला. खंडपीठावर सरन्यायाधीश शरद बोबडे होते, नागपूरचे. भूषण गवई होते, अमरावतीचे. खटला ओडिशातल्या लोहखनिजाचा. तरी विदर्भातल्या दोन न्यायमूर्तींच्या निकालात चाऱ्याचा विचार यावा, याचं मला अप्रूप वाटतं.

पण इथेच खरी गोम आहे. चारा उगवेल, चारणार कोण? 1957च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्यानं जमीन एकदा केंद्राकडे आणि तिथून कंपनीकडे गेली की गावाकडे परत येण्याची वाट त्यात आखलेलीच नाही. गायरान तर कुणाच्या सातबाऱ्यावर नसतंच. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. ज्याच्याकडे दहा शेळ्या आहेत आणि एकर एकही नाही, तो त्या हिशेबात बसत नाही. 2022 साली मंत्रिमंडळानं खणून झालेल्या जमिनींच्या वापराचं धोरण मंजूर केलं. त्यात कोळसा धुण्याचे प्रकल्प आले, वीज प्रकल्प आले, पुनर्वसन आलं, वनीकरण आलं. चराई नाही. मालकी कंपनीकडेच.

याच्या उलट उदाहरण आपल्या धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा. 1990च्या दशकात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं जंगल राखायला घेतलं. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते जन, जल, जंगल, जमीन, जनावर असा पाच ‘ज’चा हिशेब सांगतात. जनावर त्यात आहे, बघा. तिथली जमीन खाणीसारखी फाडलेली नव्हती, हे मान्य. पण नियम गावानं केले आणि पाळलेही गावानं. त्याच साक्रीतले ठेलारी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात. मोकळं रान एकदा कुंपणात गेलं की काय होतं, हे त्यांना व्याख्यानातून सांगावं लागत नाही.

आता आपल्या कामाची एक गोष्ट. मोठ्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी होते, आणि अहवालात ‘खाणकामानंतरचा जमीनवापर’ असा तक्ता असतो: वृक्षारोपण इतकं, पाणसाठा इतका, सार्वजनिक वापर इतका. कुरणाचा रकाना बहुधा नसतोच. सुनावणीत उठून तो मागायचा, गट क्रमांकासह, आणि चराईचा हक्क ग्रामसभेकडे राहील हे लेखी घ्यायचं. 2020चा आदेश एकट्या कोळशापुरता नाही. पर्यावरण मंजुरी घेणाऱ्या आपल्याकडच्या दगडखाणींनाही तो विचारता येतो.