काश्मीरचे कुठ : एका औषधी मुळाचे राजकारण

काष्ठौषधींच्या दुकानात 'कोष्ठ' किंवा 'उपलेट' या नावाने एक सुगंधी, कडवट चवीचे, करड्या-तपकिरी रंगाचे मूळ मिळते. संस्कृत ग्रंथांत त्याला 'कुष्ठ' म्हटले आहे, युनानी हकीम त्याला 'कुस्त' म्हणतात आणि काश्मिरात त्याचे नाव 'कुठ' आहे. हे मूळ ज्या वनस्पतीचे, तिचे नैसर्गिक घर पश्चिम हिमालयाच्या एका चिंचोळ्या पट्ट्यापुरते मर्यादित आहे. या पट्ट्यातील बराचसा प्रदेश १९४७ पासून भारत आणि पाकिस्तान यांच्यातील वादाचा विषय आहे. त्यामुळे कुठाचा इतिहास हा वैद्यकाचा जितका, तितकाच सत्तेचा, सीमेचा आणि कायद्याचाही इतिहास आहे.

वनस्पतीची ओळख

कुठाचे शास्त्रीय नाव सॉसुरिया कॉस्टस. पूर्वीच्या ग्रंथांत ते सॉसुरिया लाप्पा असे आढळते. सूर्यफुलाच्या कुळातील ही बहुवर्षायू वनस्पती साधारण एक ते दोन मीटर उंच वाढते. तिची खालची पाने मोठी व त्रिकोणी असतात आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तिला गर्द निळसर-जांभळ्या रंगाची गोंडेदार फुले येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच ते चार हजार मीटर उंचीवरील ओलसर उतार तिला मानवतात. भारताच्या ताब्यातील गुरेझचे खोरे व किश्तवाडचा वरचा भाग, तसेच नियंत्रण रेषेपलीकडील नीलम खोरे व अस्तोर ही तिची मूळ ठिकाणे होत.

औषधात वापरले जाते ते मूळ. ते काढायचे तर अख्खे झाड उपटावे लागते. शिवाय मुळे खणण्याचा हंगाम शरदात, म्हणजे बी पिकण्याच्या सुमारास येतो. बी पडण्याआधीच झाड उपटले गेले, तर त्या जागी पुढची पिढी उगवत नाही. पाने किंवा फळे देणाऱ्या औषधींपेक्षा कुठाचे भवितव्य अधिक नाजूक आहे ते या कारणाने.

तीन वैद्यकपरंपरांतील स्थान

अथर्ववेदात कुष्ठाला उद्देशून स्वतंत्र सूक्ते आहेत. हिमालयात जन्मलेली आणि 'तक्मन्' नावाच्या ज्वराला पळवून लावणारी औषधी म्हणून तेथे तिचे आवाहन केले आहे. तिला पूर्वेकडील लोकांकडे नेले जाते, असाही निर्देश आहे. म्हणजे या मुळाचा व्यापार त्या काळीही चालू होता. चरकसंहितेत लेखनीय व शुक्रशोधन या गणांत कुष्ठाचा समावेश आहे. याच नावाचा त्वचारोग आणि ही औषधी यांचा वाचकांनी घोटाळा करू नये. शब्द एक असला, तरी अर्थ दोन आहेत.

ग्रीक व रोमन लोक याला 'कॉस्टस' म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी प्रवासग्रंथात सिंधूच्या मुखाजवळील बार्बरिकम आणि आजचे भडोच असलेले बॅरिगाझा या बंदरांतून होणाऱ्या निर्यातीत कॉस्टसची नोंद आहे. इस्लामी परंपरेत हदीस वाङ्मयात 'कुस्त'चा औषध म्हणून उल्लेख येत असल्याने मुस्लिमबहुल काश्मिरात या मुळाला वैद्यकीय मोलाबरोबर एक धार्मिक आदरही लाभला. चिनी वैद्यकात ते 'मु-शियांग' या नावाने पोटाच्या विकारांवर वापरतात, तर तिबेटी सोवा-रिग्पा परंपरेतही त्याला स्थान आहे.

काश्मीरचे शालविक्रेते कसर लागू नये म्हणून शालींच्या गासड्यांत कुठाचे तुकडे ठेवीत. चीनमध्ये त्याचा वापर उदबत्त्या व धूप यांतही होई. एकच मूळ औषध, सुगंध आणि कीटकनाशक म्हणून विकले जात असल्याने त्याला कायम गिऱ्हाईक असे.

दरबाराची मक्तेदारी

१८४६ च्या अमृतसर तहान्वये इंग्रजांनी पाऊणशे लाख नानकशाही रुपयांच्या बदल्यात काश्मीर गुलाबसिंग यांच्या हवाली केले आणि डोगरा राजवट सुरू झाली. त्याच दशकात ह्यू फाल्कनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने काश्मीरचे कुठ म्हणजेच प्राचीनांचे कॉस्टस, हे शास्त्रीयदृष्ट्या मांडले आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्या सन्मानार्थ तिला 'ऑकलंडिया' असे नाव दिले. डोंगरातील एका मुळाशी सत्ताधीशाचे नाव असे जोडले गेले.

डोगरा दरबाराने कुठावर राज्याची मक्तेदारी प्रस्थापित केली. जमाबंदी अधिकारी वॉल्टर लॉरेन्स यांच्या १८९५ सालच्या 'द व्हॅली ऑफ काश्मीर' या ग्रंथात या मक्तेदारीची नोंद आहे. पुढे संवत १९७८ म्हणजे इ. स. १९२१ मध्ये खास कुठासाठी कायदा झाला. एका वनस्पतीसाठी स्वतंत्र कायदा व्हावा, यावरून तिच्यातून मिळणारे उत्पन्न दरबाराला किती महत्त्वाचे वाटत होते, हे ध्यानात येते. माल कोलकाता व मुंबईमार्गे चीन आणि तांबड्या समुद्राकाठच्या बंदरांकडे जात असे.

या व्यवस्थेत डोंगरातील रहिवासी मूळ खणणारा मजूर ठरला. परवान्यावाचून तेच मूळ बाळगले, तर तो चोर ठरे. ज्या गुराख्याला कोणत्या उतारावर कुठ आहे हे ठाऊक होते, त्याला ते राखण्यात स्वतःचे हित दिसावे, अशी कोणतीही तरतूद नव्हती. मक्तेदारीने बेसुमार खणणीला काही काळ आळा घातला असेलही, परंतु तिने राखले ते मुख्यतः खजिन्याचे हित.

घराबाहेरची लागवड

काश्मीरच्या दरबाराचा कायदा लाहौलमध्ये चालत नव्हता, कारण लाहौल हा तेव्हा ब्रिटिश पंजाबच्या कांगडा जिल्ह्याचा भाग होता. १९२० व १९३० च्या दशकांत तेथील शेतकऱ्यांनी कुठाची शेती सुरू केली. थंड, कोरड्या हवेतील या दरीला त्यातून प्रथमच भरघोस रोख उत्पन्न मिळाले. मात्र हे सुखही राजकारणावर अवलंबून होते. मुख्य गिऱ्हाईक चीन. १९४९ मधील चिनी क्रांती आणि १९६२ चे युद्ध यांनंतर तो बाजार हातचा गेला, भाव कोसळले आणि लाहौलचा शेतकरी बटाटा, वाटाणा व हॉप्सकडे वळला.

चीनने तोवर युन्नान प्रांतात लागवड वाढवली होती. हा बदल चिनी भाषेतही उमटला. ग्वांगझू बंदरातून येणाऱ्या परदेशी मालाला 'ग्वांग मु-शियांग' म्हणत, तर देशी मालाला 'युन मु-शियांग' असे नाव पडले. ज्या वनस्पतीवर काश्मीरच्या दरबाराने पहारे बसवले, ती अखेर युन्नानच्या शेतात पिकू लागली.

नियंत्रण रेषेचा परिणाम

१९४९ ची युद्धविराम रेषा आणि १९७२ च्या सिमला करारानंतरची नियंत्रण रेषा कुठाच्या मूळ प्रदेशातून जाते. गुरेझमधून वाहणारी किशनगंगा ही रेषा ओलांडताच 'नीलम' म्हणून ओळखली जाते. उतार तेच, हवा तीच, वनस्पतीही तीच, पण दोन तीरांवर दोन राज्यव्यवस्था. एका बाजूची पाहणी दुसऱ्या बाजूला उपयोगी पडत नाही आणि बियाण्याची देवाणघेवाणही होत नाही.

१९९० नंतरच्या दहशतवादाच्या काळात उंचावरील जंगलांत वनरक्षकांची गस्त अवघड झाली. सीमेलगतच्या कुरणांत जाण्यावर सुरक्षेची बंधने आली. परिणामी काही उतारांवर माणसाचा वावर थांबला, तर काही ठिकाणी चोरट्या खणणीवर देखरेख उरली नाही. नोव्हेंबर २००३ मधील शस्त्रसंधी, तिचा फेब्रुवारी २०२१ मधील पुनरुच्चार आणि मे २०२५ मधील तोफमारा या प्रत्येक घटनेबरोबर कुरणांची वाट मोकळी किंवा बंद होत गेली.

ऑक्टोबर २००८ मध्ये नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंनी वस्तुविनिमय पद्धतीचा व्यापार सुरू झाला. त्यासाठी ठरलेल्या २१ वस्तूंच्या यादीत औषधी वनस्पतींनाही जागा होती. साठ वर्षांनी जुन्या वाटेवरून जडीबुटीची ने-आण शक्य झाली. पुलवामा हल्ल्यानंतर एप्रिल २०१९ मध्ये भारताने हा व्यापार स्थगित केला.

संरक्षणाचे कायदे

धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने १९७५ मध्ये कुठाचा समावेश परिशिष्ट दोनमध्ये केला आणि १९८५ मध्ये त्याला सर्वाधिक कडक अशा परिशिष्ट एकमध्ये नेले. तेव्हापासून जंगलातील मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. लागवडीचा माल योग्य प्रमाणपत्रासह बाहेर पाठवता येतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत कुठाची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये वनस्पतींचे प्रकरण घातले गेले आणि संरक्षित वनस्पतींच्या छोट्याशा यादीत कुठ आले. परंतु हा केंद्रीय कायदा जम्मू-काश्मीरला लागू नव्हता. तेथे राज्याचा १९७८ चा स्वतंत्र कायदा होता. कुठाची भारतातील मुख्य जन्मभूमी या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आली, ती कलम ३७० विषयीच्या निर्णयानंतर, ३१ ऑक्टोबर २०१९ पासून.

या कायद्यानुसार संरक्षित वनस्पती जंगलातून उपटता येत नाही आणि तिची शेती करायची तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मात्र 'ती राहते त्या जिल्ह्यात' स्वतःच्या उपयोगापुरती वनस्पती घेण्याची मुभा आहे. अडचण येथेच आहे. जम्मू-काश्मिरातील गुज्जर व बकरवाल यांना १९९१ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बकरवाल हिवाळा जम्मूच्या पायथ्याशी काढतात आणि उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्यांसह उंच कुरणांकडे जातात. वर्षभरात कित्येक जिल्हे ओलांडणाऱ्या माणसाचा जिल्हा कोणता मानायचा, याचा विचार ही तरतूद करीत नाही.

२००६ चा वनहक्क कायदाही येथे २०१९ नंतरच लागू झाला. त्यात औषधी मुळांसह गौण वनोपजावर पारंपरिक वनवासींचा हक्क मान्य आहे आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचाही उल्लेख आहे. एक कायदा मूळ उपटू नका म्हणतो, दुसरा वनोपजावर हक्क देतो. दोहोंचा मेळ घालण्याचे काम ग्रामसभा व वनखाते यांच्याकडे येते आणि तेथेच ते बहुधा अडते.

आधुनिक संशोधन

कर्नल रामनाथ चोप्रा यांनी दम्यावरील उपचारात कुठाचा अभ्यास केला होता. त्यांच्या नेतृत्वाखाली जम्मूत १९४१ मध्ये सुरू झालेली औषध संशोधन प्रयोगशाळा १९५७ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली. कुठाच्या तेलातील 'कॉस्ट्युनोलाइड' या प्रमुख घटकाची रचना १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. हे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील राव, केळकर व भट्टाचार्य यांचे होते. दाह आणि अर्बुद यांवरील या घटकाचे परिणाम आजही प्रयोगशाळांत अभ्यासले जात आहेत. मात्र त्यावरून माणसांवरील उपचार सिद्ध झाला, असे म्हणता येणार नाही. त्वचेला होणाऱ्या तीव्र ॲलर्जीमुळे कुठाचे तेल सुगंधी द्रव्यांत वापरण्यास अत्तर उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मनाई आहे.

बाजारात कुठाच्या जागी पुष्करमूळ मिसळले जाते. कोकणात व सह्याद्रीत उगवणारा 'पेव' हा कॉस्टस या वैज्ञानिक नावाने ओळखला गेल्यामुळेही गोंधळ होतो. ही सर्वस्वी निराळी वनस्पती आहे. वैद्याच्या सल्ल्यावाचून यांपैकी काहीही घेऊ नये.

पुढील वाट

दरबाराच्या मक्तेदारीपासून आजच्या परवाना पद्धतीपर्यंत कुठाविषयीची प्रत्येक व्यवस्था 'बाहेरच्याला अडवा' या तत्त्वावर उभी राहिली. त्यात ज्याला झाडाची जागा, हंगाम व बी ठाऊक आहे, तोही बाहेरचाच ठरला. लाहौल आणि युन्नान यांचा अनुभव असा, की शेतकऱ्याला हक्काचा दाम मिळाला, तर ही वनस्पती शेतात टिकते. गुरेझ किंवा किश्तवाडच्या शेतकऱ्याला रोपे, सुलभ परवाना आणि लागवडीचे प्रमाणपत्र गावपातळीवर मिळाले, तर जंगलातील मुळावरचा भार हलका होईल. बी पडल्यानंतरच खणायचे आणि काही उतार पूर्णपणे सोडून द्यायचे, यांसारखे नियम ग्रामसभेने ठरवले व पशुपालकांना त्यात स्थान दिले, तर ते पाळले जाण्याची शक्यता अधिक.

प्रदेशाच्या मालकीचा वाद केव्हा व कसा सुटेल, हे कोणी सांगू शकत नाही. कुठाला तेवढी सवड नाही. जंगलात उरलेल्या झाडांचे बी गोळा करण्याचा हंगाम दर वर्षी काही आठवड्यांचाच असतो आणि त्या आठवड्यांत उतारावर हजर असतात ते तेथील पशुपालक आणि गावकरी.